दर पावसाळ्यात त्याच भिंतीवर बुरशी: पाणी कुठून येतंय ते आधी शोधा

जुलैच्या मध्यावर बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसायला लागतात. गणपती जवळ आले की कोणीतरी ब्लीच लावून भिंत पुसतं, वरून रंगाचा एक हात मारला जातो आणि घर पाहुण्यांसाठी तयार होतं. पुढच्या जुलैत त्याच कोपऱ्यात, जवळजवळ त्याच उंचीवर ठिपके परत हजर. असं दोन-तीन वर्षं सलग झालं असेल तर चूक ब्लीचची नाही, रंगाचीही नाही. त्या भिंतीला कुठून तरी पाणी मिळतंय, आणि ते बंद झालेलं नाही.

बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत बारा महिने असतात. ते संपवता येत नाहीत. त्यांना खायला डिस्टेंपरमधला सरस, वॉलपेपरची खळ, प्लायवूड, पुठ्ठा, अगदी भिंतीवर बसलेली धूळही चालते, म्हणजे अन्नही घरात कायम असतं. आपल्या हातात राहतं ते पाणी. एखादी जागा 24 ते 48 तासांत कोरडी झाली तर बुरशी सहसा धरत नाही. त्याहून जास्त वेळ ओली राहिली की धरते. म्हणून खाली भिंत पुसायच्या आधी पाणी शोधायचं बरंच काही लिहिलं आहे. ते टाळून थेट साफसफाईवर जाऊ नका.

हे मनावर का घ्यायचं

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा, खोकला, छातीत घरघर आणि श्वसनाचे इतर त्रास जास्त होतात, हे त्यात स्पष्ट आहे. सकाळी उठल्यावर सलग शिंका, नाक बंद, रात्रीचा कोरडा खोकला, आणि चार दिवस गावाला गेलं की सगळं बरं वाटणं: असं चक्र घरात दिसत असेल तर डॉक्टरांना भिंतीबद्दल आवर्जून सांगा. नुसती औषधं बदलत राहून हे थांबत नाही.

2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसला सगळीकडे 'काळी बुरशी' म्हटलं गेलं. तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहून अनेक जण धास्तावतात. भिंतीवर काळी दिसते ती बहुधा क्लॅडोस्पोरियम, अॅस्परजिलस किंवा अल्टरनेरिया या गटांतली असते. म्युकरमायकोसिस वेगळ्या गटातल्या बुरशीमुळे होतो. तरी ज्यांची केमोथेरपी चालू आहे, ज्यांचा अवयव प्रत्यारोपित आहे, ज्यांचा मधुमेह ताब्यात नाही किंवा ज्यांना दमा आहे, अशांनी बुरशी साफ करायला स्वतः बसू नये आणि ते काम चालू असताना त्या खोलीत थांबू नये. लहान बाळालाही तोच नियम.

खरंच बुरशी आहे का?

तीन गोष्टींची गल्लत होते. पहिला लोणा. भिंतीवर पांढरा, पिठासारखा किंवा बारीक सुयांसारखा थर फुलतो, तो विटा-सिमेंटमधला क्षार आहे. चिमूटभर खरवडून पाण्यात टाकला तर बहुतेक वेळा विरघळतो. बुरशी विरघळत नाही. लोण्याने आजार होत नाही, पण भिंतीतून पाणी वाहतंय याचा तो पक्का पुरावा आहे. दुसरी काजळी: देवघराच्या वर, शेगडीच्या मागे, उदबत्तीच्या जागी. कापसाच्या बोळ्याने ब्लीचचा एक थेंब डागावर टेकवा. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी समजा. काजळीचा रंग फारसा हलत नाही. तिसरा म्हणजे बाथरूमच्या फरशीवर, बादलीच्या तळाशी येणारा गुलाबी चिकट थर. तो जिवाणूंचा असतो, बहुतेकदा सेरॅशियाचा. साबणाचे उरलेले अंश हे त्याचं खाद्य. घासून काढला आणि जागा कोरडी ठेवली की जातो. त्यासाठी भिंत फोडायची गरज नाही.

डागाची जागा काय सांगते

डाग कुठे आहे आणि त्याचा आकार कसा आहे, यावरून निम्मं निदान होतं. मोबाईलच्या टॉर्चचा उजेड भिंतीला समांतर, अगदी चिकटून पाडा. समोरून सपाट दिसणारी भिंत तिरक्या उजेडात फुगलेली, पापुद्रे सुटलेली, बारीक भेगांची दिसते. मग बोटाच्या पेराने ठोका: पोकळ आवाज आला तिथे गिलावा विटेपासून सुटलेला आहे.

आता पेन्सिलीने डागाची कड आखा आणि शेजारी तारीख लिहा. दर आठ दिवसांनी नवी कड आखा. हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही, पण पाण्याचा माग काढायला याच्यासारखं दुसरं साधन नाही. मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत डाग वाढला तर पाणी बाहेरून येतंय. पाऊस उघडला तरी रोज सारखाच ओला असेल तर नळ किंवा ड्रेनेज. पावसाशी आणि वापराशी काहीच मेळ बसत नसेल, तर खोलीतल्या हवेतली वाफ.

जमिनीपासून वर चढलेली आडवी ओल, तीन-चार फुटांपर्यंत, वरच्या कडेला लोण्याची रेघ: तळमजल्यावर जमिनीतून शोषलं जाणारं पाणी. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून तिरके उतरणारे डाग: खिडकीची चौकट. छताच्या मधोमध गोल, कडेला पिवळसर-तपकिरी वर्तुळ: वर गच्ची किंवा वरच्यांचं बाथरूम. तुळईच्या खाली सरळ आडवी रेघ धरून आलेली ओल: काँक्रीट आणि विटांच्या सांध्यावरची भेग. बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर, फरशीपासून फूट-दीड फुटात: फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी ड्रेनेजमध्ये नेणारं जाळीखालचं तोंड) किंवा भिंतीत बुजवलेला पाइप. आणि कपाटाच्या मागे, पलंगाच्या डोक्याशी, छताच्या कोपऱ्यात विखुरलेले सुटे काळे ठिपके, जिथे गिलावा टणक आहे, रंग फुगलेला नाही: बहुतेक वेळा वाफ.

बाहेरचं पाणी की हवेतलं, हे ठरत नसेल तर प्लास्टिकची परीक्षा करा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवा जाणार नाही अशा बंद करून भिंतीला लावा. 24 ते 48 तासांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतून. चिकटपट्टी ओल्या रंगावर धरत नाही. म्हणून कडा अगोदर कोरड्या फडक्याने पुसा आणि डागाच्या लगतच्या, रंग शाबूत असलेल्या जागेवर लावा. दोन्ही बाजूंना थेंब आले तर दोन्ही कारणं आहेत, आणि कोकणपट्टीत जुलै महिन्यात असं होणं अगदी नेहमीचं आहे.

झड खाणारी भिंत

आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती झड खातात. कोकणात पडवीला झापं बांधत आणि मुंबईत इमारतींना निळी ताडपत्री लावतात ती याच बाजूंना. भिंतीवर नुसता पाऊस पडला तर पाणी आत येत नाही. वाऱ्याचा दाब त्याला केसाएवढ्या भेगेतून आत ढकलतो. म्हणून बाहेरून भिंत 'चांगली दिसते' हे काही उत्तर नाही. बाहेरची भिंत उन्हात वाळलेली असताना तिच्यावर पाइपने पाच मिनिटं पाणी मारा आणि थांबा. सगळा पृष्ठभाग वाळत जातो, पण भेगांच्या रेघा शेवटपर्यंत गडद राहतात. त्या खडूने आखून घ्या, फोटो काढा. ही परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये करायची.

भेग नुसती रंगाने भरत नाही. पटाशीने किंवा ग्राइंडरने ती इंग्रजी व्ही आकारात उघडावी लागते, साधारण 5-6 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर खोल. आतली धूळ ब्रशने काढा, पाणी शिंपडा, मग पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर दाबून भरा. केसाएवढ्या भेगेला तयार क्रॅक फिलर पुरतो. तुळई किंवा खांब आणि विटांच्या सांध्यावर नुसतं फिलर टिकत नाही, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि भेग परत उघडते. तिथे दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा इंच जाईल अशी फायबरची किंवा लोखंडी जाळी लावून वर गिलावा करायचा. सगळं वाळल्यावर बाहेरून लवचीक वॉटरप्रूफ कोट, दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा. भेगेत पिंपळाचं रोप उगवलं असेल तर वरून कापून काही होत नाही; मूळ आत राहतं आणि दोन पावसाळ्यांत भेग दुप्पट करतं. गिलावा फोडून मूळ काढा.

आतल्या बाजूने वॉटरप्रूफ रंग लावणं ही आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पाणी बाहेरून येतच राहतं, त्याला खोलीच्या बाजूने निघायला वाट उरत नाही, मग रंगाला फुगे येतात किंवा ओल दोन फूट वर सरकून नव्या जागी निघते. जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींवर आणि जांभ्याच्या भिंतींवर हे आणखी वाईट होतं. त्या भिंती पाणी घेतात आणि सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवला की घेतलेलं पाणी आतच कोंडतं. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा हातच योग्य. चुना अल्कधर्मी असतो, ताज्या हातावर बुरशी सहजी धरतही नाही.

खिडकी

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत, बाहेरच्या बाजूला, पाणी निघून जायला छोटी छिद्रं असतात. धूळ, कबुतरांची पिसं आणि मागच्या रंगकामातली पुट्टी यांनी ती बुजतात. मग पट्टीत पाणी तुंबतं आणि आतल्या बाजूने सांडून सरळ भिंतीत उतरतं. मे महिन्यात पट्टी ब्रशने साफ करा, छिद्रात जाड तार फिरवा, आणि तांब्याभर पाणी पट्टीत ओतून ते बाहेर पडतंय का पाहा. बाहेर पडत नसेल तर सगळं दुरुस्तीचं काम थांबवून आधी हे करा. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

चौकट आणि भिंत यांच्यामधलं सिलिकॉन काही वर्षांनी एका बाजूने सुटतं. जुन्यावर नवं चिकटत नाही. जुनं कटरने पूर्ण काढून, जागा कोरडी करूनच नवं भरा. खिडकीच्या खालच्या कडप्प्याचा उतार बाहेर असला पाहिजे. हे पाहायला गोटी ठेवा. आत घरंगळली तर उतार उलटा आहे. छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेने एक खाच असते, ती पाण्याचा थेंब भिंतीपर्यंत येऊ न देता तिथेच खाली पाडते. रंगकामात ती भरून गेली असेल तर मोकळी करून घ्या.

बाथरूमच्या मागची भिंत

इथे स्वस्त परीक्षेपासून महागाकडे जायचं. टाइल फोडणं शेवटी. घरात दुसरं बाथरूम असेल तर हे आठ दिवस पूर्ण बंद ठेवा, कड आखून ठेवा. डाग आक्रसला तर वापराचं पाणी फरशीतून किंवा ड्रेनेजमधून झिरपतंय. तसाच राहिला किंवा वाढला तर दाबाखालचा पाइप. पाइप तपासायला रात्री घरातले सगळे नळ आणि फ्लश टाकीची कळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत वाचा. मीटर नसेल तर प्लंबरकडून प्रेशर पंप लावून घ्या. बंद लाइनमधला दाब पडला की गळती आहे.

फरशीसाठी पॉन्डिंग टेस्ट. नहाणी ट्रॅप ओल्या फडक्याने आणि प्लास्टिकने गच्च बंद करा, उंबऱ्याला मातीची किंवा पुट्टीची अडवण घाला आणि फरशीवर इंचभर पाणी भरून 24 तास ठेवा. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने आखा. पातळी उतरली आणि डाग ओला झाला तर फरशी. पातळी तशीच राहिली, पण ट्रॅप उघडून पाणी सोडल्यावर डाग ओला झाला तर ट्रॅपचा सांधा. दोष एका सांध्यात असताना सगळ्या फरश्या फोडणारे कंत्राटदार कमी नाहीत, म्हणून ही परीक्षा त्यांच्या आधी तुम्ही करा.

सांधेच गेले असतील तर जुनं ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरलेला मसाला) वरवर न खरवडता निदान टाइलच्या निम्म्या जाडीपर्यंत कोरून काढा आणि इपॉक्सी ग्राउट भरा. इपॉक्सी दोन भागांत येतं. पाकिटावरचं प्रमाण वजनाने पाळा आणि अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. भरल्यावर 24 तास पाणी नाही.

गच्ची आणि तळमजला

गच्चीवर पाऊस थांबल्यावर दोन तासांनी जिथे डबकं उरतं तिथे उतार बसलेला आहे. कोब्यावरच्या भेगा, कठड्याच्या बुडाचा वाटा (कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यावरचा गोलसर गिलावा) आणि पावसाच्या पाइपाचं तोंड, या तीन जागा आधी. पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला की गच्चीचं तळं होतं. मेअखेर ते साफ झालंच पाहिजे, आणि जुलैत पुन्हा एकदा.

तळमजल्यावर जोत्याची पातळी पाहा. बाहेर वर्षानुवर्षं भराव, फरसबंदी, पेव्हर ब्लॉक चढत जातात आणि जमीन जोत्यातल्या ओल अडवणाऱ्या थराच्याही वर येते. भिंतीला टेकून केलेला फुलझाडांचा वाफा तर रोज भिंतीला पाणी घालतो. माती त्या थराच्या खाली सहा इंच उतरवा, पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार द्या. तो थरच नसलेल्या जुन्या घरात भिंतीत रसायन टोचून आडवा अडथळा तयार करतात, पण ते माहीतगाराचं काम आहे.

हवेतली वाफ

एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे वीस लिटरहून अधिक पाणी, आणि भात-वरणाची वाफ वेगळी. पाच किलो कपडे मशीनने पिळून निघाले तरी त्यांत दोन-अडीच लिटर पाणी असतं. ते बेडरूममध्ये दोरीवर वाळले की सगळं त्याच खोलीत राहतं. पावसाळ्यात कपडे आतच वाळवावे लागतात हे खरं. मग एकच खोली ठरवा, दार बंद, पंखा चालू, शक्य असेल तर डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र), आणि कपड्यांचं स्टँड बाहेरच्या भिंतीपासून लांब.

'खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्ला नोव्हेंबरात बरोबर, जुलैत अर्धाच. बाहेरची हवा 27 अंशांची आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर ती हवा साधारण 24 अंशांच्या पृष्ठभागाला लागली की पाणी सोडते. एसी 20 वर ठेवलेल्या खोलीची भिंत पॅसेजच्या बाजूने एवढी गार होते, म्हणून बुरशी एसीच्या खोलीत न येता शेजारच्या पॅसेजमध्ये येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. थेंब दिसायचीही गरज नसते. भिंतीला लागून असलेल्या हवेची आर्द्रता दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली तरी पुरतं. एसी 25-26 वर ठेवा. दमट दिवसांत ड्राय मोड वापरा. एसी चालू असताना खिडकी-दार बंद.

भिंतीवर लावायचा छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं मीटर, फार महाग नसतो आणि अंदाजांवरची चर्चा संपवतो. आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवायचा प्रयत्न करा. किनारपट्टीवर पावसाळ्यात हे डीह्युमिडिफायर किंवा एसीशिवाय जमत नाही, हे मान्य करूनच आखणी करा: सगळं घर नाही, पण ज्या खोलीत दम्याचा रुग्ण किंवा बाळ झोपतं ती एक खोली. कॅल्शियम क्लोराइडचे पाणी शोषणारे डबे कपाटासाठी ठीक आहेत. खोलीला त्यांचा काही उपयोग नाही.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून नको. तीन-चार इंच अंतर ठेवा आणि खालून हवा जाऊ द्या. भिंतीत बसवलेल्या वॉर्डरोबला मागची प्लाय असेल तर ती आणि भिंत यांच्यातली पोकळी ही बुरशीची सगळ्यात आवडती जागा. कपड्यांना कुबट वास येतोय आणि काही दिसत नाही, अशा वेळी सुताराकडून मागची एक पट्टी काढून बघाच. कुकर-कढई चालू असताना स्वयंपाकघराचा आणि अंघोळीनंतर अर्धा तास बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालवा. दाराखाली बोटभर फट नसेल तर पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही.

आता साफसफाई

तीन फूट बाय तीन फूट एवढ्या डागापर्यंत घरी करता येतं. त्याहून मोठा असेल, सांडपाणी भिंतीत शिरलेलं असेल किंवा एसीच्या डक्टमध्ये बुरशी असेल तर काम जाणणारा माणूस बोलवा.

एन-95 मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. आतलं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. कोरड्या ब्रशने घासायचं नाही आणि झाडू मारायचा नाही. वाळलेल्या बुरशीवर एक फटका म्हणजे असंख्य बीजाणू हवेत. आधी डागावर साबणाच्या पाण्याची फवारणी करून तो भिजवा, मग ओल्या फडक्याने बाहेरून आत, मधल्या भागाकडे पुसत या. फडकं प्रत्येक फेरीला बदला आणि वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाका.

टाइल, काच, धातू अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर ब्लीच चालतं: चार लिटर पाण्यात घरगुती ब्लीच 250 मिलिलिटर, याहून जास्त नको, दहा-पंधरा मिनिटं ठेवून पुसा. गिलाव्यावर ब्लीच डाग घालवतं, पण आत मुरत नाही. पाणी तेवढं मुरतं. म्हणूनच महिन्याभरात ठिपके परत दिसतात. गिलाव्यासाठी टाकणखार बरा: चार लिटर कोमट पाण्यात 150 ग्रॅम विरघळवून लावा आणि धुऊ नका, तसाच वाळू द्या. मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या तोंडात जाणार नाही एवढी काळजी घ्या. ब्लीच टॉयलेट क्लिनरमध्ये, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या काचेच्या लिक्विडमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

रंग फुगला असेल तर डागाच्या कडेपासून फूटभर पुढपर्यंत ओलाच खरवडा. पोकळ वाजणारा गिलावा विटेपर्यंत काढा. पीओपीचं छत भिजून मऊ पडलं असेल तर वरून रंगवून उपयोग नाही, तो तुकडा कापून बदला. फुगलेला पार्टिकल बोर्ड, भिजलेली कापसाची गादी, पुठ्ठ्याचे खोके टाकून द्या. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पुस्तकं घराबाहेर नेऊन, मास्क लावून मऊ ब्रशने झटका. चामड्याच्या वस्तू पुसून सावलीत वाळवा.

रंग कधी

सगळी मेहनत इथे वाया जाते. भिजलेली वीट वाळायला वेळ लागतो. इंचभर जाडीला साधारण महिना धरा. बाहेरची दुरुस्ती मार्च ते मे, आतला रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गणपतीच्या आधी आठ दिवस रंगवलेली ओली भिंत दिवाळीच्या आत पापुद्रे सोडते, हे ठरलेलंच. सण तोंडावर असेल तर भिंत स्वच्छ करा, टाकणखार लावा आणि रंगाशिवाय तशीच राहू द्या.

वाळली का ते हाताला कळत नाही. प्लास्टिकची परीक्षा पुन्हा करा, किंवा ओल मोजायचं मीटर वापरत असाल तर आकडा एकटा वाचू नका; घरातल्या नक्की कोरड्या असलेल्या भिंतीवर आधी आकडा घ्या आणि त्याच्याशी तुलना करा. मग अल्कली सोसणारा प्रायमर आणि वर बुरशीरोधक रंग. बुरशीरोधक रंग दोन-तीन वर्षं ठिपके अडवतो, पाणी नाही.

तरी परत आली तर

ठिपके त्याच जागी आले: पाण्याची वाट तीच आहे, दुरुस्ती कमी पडली. ओल थोडी सरकून, वर किंवा बाजूला आली: वाट अडवली गेली, पण पाणी चालू आहे. नवीनच भिंतीवर आले: एसी, कपाटाची जागा किंवा कपडे वाळवायची जागा यंदा बदलली का ते आठवा. पेन्सिलीच्या जुन्या कडा रंगात झाकून टाकायच्या आधी फोटो काढून ठेवलेले असतील तर हे पाच मिनिटांत कळतं.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती दुरुस्त करणं हे संस्थेचं काम आहे, आणि संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी अंतर्गत गळती त्या त्या सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची. त्यामुळे वाद नेहमी एकाच प्रश्नावर अडतो: पाणी नक्की कुठलं? अर्जासोबत तारखा लिहिलेल्या कडांचे फोटो, बाहेरच्या भिंतीवरच्या खडूच्या रेघांचे फोटो आणि वरच्या मजल्याच्या सदस्यासमोर केलेल्या पॉन्डिंग टेस्टची वेळ व निकाल जोडा. अर्ज फेब्रुवारीत द्या, म्हणजे मेपर्यंत परांची बांधून काम व्हायला वेळ मिळतो.